केसपेपरवर न आलेली तक्रार

कोथरूडमधल्या एका वन बीएचके फ्लॅटमध्ये फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं आहे. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, धाकट्याच्या क्लासची फी, सासूबाईंच्या फिजिओथेरपीच्या वेळा, सगळा संसार त्या चौकोनांत. काही तारखांना निळ्या बॉलपेनचं वर्तुळ, काहींवर फुली. वर्तुळं पाळीची. पूर्वी ती अठ्ठावीस दिवसांनी पडायची. आता एकदा एकोणीस दिवसांनी, मग एकदम दोन महिन्यांनी. फुल्या कसल्या, असं विचारल्यावर बाई हसल्या. वय ४६, सहकारी बँकेत अकाउंट्सला. "ज्या दिवशी मी घरात कुणावर तरी तुटून पडले, त्या दिवसाला फुली," म्हणाल्या. "परवा मुलानं ओला टॉवेल पलंगावर टाकला. एवढंच. मी त्याला असं काही बोलले की पोरगा दोन दिवस माझ्याकडे बघेना. नंतर बाथरूमचा नळ सोडून मीच रडत बसले. टॉवेलसाठी कुणी रडतं का हो?"

त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. केसपेपरवर लिहिलं होतं : पाळी अनियमित, अंगावरून जास्त जातं, सोनोग्राफी करून आणणे. फुल्यांबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण त्यांनी ते सांगितलंच नव्हतं. "त्याचं काय सांगायचं? स्वभाव म्हणतील."

चाळिशीतल्या बायकांशी आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना हाच प्रकार पुन्हा पुन्हा समोर येतो. रक्तस्रावाची नोंद होते, मनाची होत नाही; आणि ज्याची नोंद होते त्याच्यावरच उपचार होतो. शहरात बाईला 'हल्ली फार तापट झालीय' असं ठरवून घरचे मोकळे होतात. ऊसतोडीच्या पट्ट्यात तिची पिशवी काढली जाते. दोन्हीकडे मूळ दुखणं जागच्या जागी राहतं.

व्होल्टेजचा खेळ

पाळी कायमची थांबली असं म्हणायला शेवटच्या पाळीनंतर सलग बारा महिने जावे लागतात. सुश्रुतसंहितेत पाळीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे. अमेरिका-युरोपात आज सरासरी वय ५१ च्या आसपास आहे, तर भारतात ४६-४७. त्याच्या आधीची काही वर्षं खरी गडबडीची. आपल्याकडे ती चाळिशीच्या सुरुवातीलाच येऊन ठेपतात. मुलाची बारावी, सासूचं पथ्यपाणी, ऑफिसातलं मार्च एंडिंग नेमकं याच वेळी डोक्यावर असतं.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजपुटिका असतात. वयात येईपर्यंत त्यातल्या तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात चारेकशे बीजंच परिपक्व होऊन बाहेर पडतात, बाकीच्या पुटिका आपोआप विरून जातात. पाळी जायच्या वेळी हजारभरही शिल्लक नसतात. साठा आटायला लागला की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक वाढवून अंडाशयाला टोचणी लावते. अंडाशय कधी त्या टोचणीला दाद देत नाही, कधी नको तितकी देतं. त्यामुळे इस्ट्रोजेन उतारावरून घसरल्यासारखं शांतपणे कमी होत नाही. एका महिन्यात ते तळाला जातं, दुसऱ्या महिन्यात ऐन तारुण्यातल्या पातळीच्याही वर उसळतं.

खेड्यात राहिलेल्यांना हे चटकन कळेल. वीज गेल्यानं टीव्ही जळत नाही. व्होल्टेज खाली-वर झाल्यानं जळतो. मनाचा त्रासही बहुतेकींना इस्ट्रोजेन संपल्यावर होतो त्यापेक्षा ते संपण्याआधीच्या या चढउतारात जास्त होतो. सेरोटोनिन या मनाला सावरणाऱ्या रसायनाच्या कामात इस्ट्रोजेनचा हात असतो. दुसरं संप्रेरक प्रोजेस्टेरॉन. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही, त्या महिन्यात ते जेमतेमच तयार होतं. त्याच्यापासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्ननोलोन नावाचा पदार्थ बनतो आणि तो मेंदूतल्या 'गाबा' या शांतवणाऱ्या यंत्रणेवर काम करतो. त्याचाही पुरवठा बेभरवशाचा झाला की पूर्वी जे सहज गिळता यायचं ते गिळता येत नाही. भांडं पडल्याचा आवाज कानात घुसतो. 'भाजीत मीठ कमी आहे' हे वाक्य आरोपासारखं ऐकू येतं.

त्यात झोपेची भर पडते. रात्री अंगातून वाफा येतात, गाऊन भिजतो, पंखा पाचवर करायचा, मग थंडी वाजते म्हणून पुन्हा दोनवर. नवरा म्हणतो, एकदाचं काय ते ठरव. आपल्याकडे याला 'उष्णता वाढली' म्हणायची आणि सब्जा, गुलकंद, कोकम सरबत यांवर भागवायची रीत आहे. पोटाला बरं वाटतं, वाफा थांबत नाहीत. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत वारंवार वाफा येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणींना त्यांचा त्रास ७.४ वर्षांहून अधिक काळ झाला. इतकी वर्षं रात्रीतून तीनदा उठणाऱ्या कुठल्याही माणसाचं डोकं ठिकाणावर राहील का, हा प्रश्न संप्रेरकं बाजूला ठेवूनही विचारता येईल.

बँकेतल्या बाईंनी रक्ताची तपासणी करून घेतली होती. एफएसएच 'नॉर्मल' आला आणि घरात निकाल लागला : तुला काही झालेलं नाही. खरं तर जे रोज बदलतं ते एका सकाळच्या नमुन्यात सापडण्याची खात्री काय? ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०१५ मधल्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच सांगितलं की ४५ च्या पुढच्या बाईचं निदान लक्षणांवरून करावं, त्यासाठी एफएसएच तपासत बसू नये. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र जरूर पाहावं. या दोन्हींतल्या बिघाडाची लक्षणं अशीच दिसतात आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे.

वेडाच्या इस्पितळापासून 'काही नाही'पर्यंत

या बाबतीत वैद्यकाचं मतही बाईच्या मनापेक्षा कमी हेलकावे खात नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत पाळी जाण्याच्या वयातला वेडेपणा असा वेगळा प्रकार मानला जाई. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी उतारवयातल्या विषण्णतेला स्वतंत्र आजाराचा दर्जा दिला. अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत तो बराच काळ टिकला. १९७९ मध्ये मर्ना वाइसमन यांनी असा वेगळा आजार ही दंतकथा असल्याचं आकडेवारीनं दाखवलं आणि १९८० च्या यादीतून तो गेला. हे योग्यच झालं. पण त्याचा दुसरा परिणाम असा की लंबक पार उलट्या टोकाला गेला. पाळी जाण्याचा आणि मनाचा काही संबंधच नाही, मुलं घर सोडून जातात त्याचं ते दुःख, असं ऐकवलं जाऊ लागलं.

१९९६ मध्ये अमेरिकेत सात केंद्रांवर 'स्वान' नावाचा अभ्यास सुरू झाला. ४२ ते ५२ वयाच्या ३,३०२ बायका घेतल्या आणि वर्षानुवर्षं त्यांच्या मागावर राहिले. त्यातून निघालेली गोष्ट मधली आहे. बहुसंख्य बायकांना या काळात गंभीर नैराश्य येत नाही. पण पाळी नियमित असतानाच्या तुलनेत या संक्रमणाच्या काळात आणि त्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत गंभीर नैराश्याची शक्यता दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढते. ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेलंय, बाळंतपणानंतर मन खचलं होतं किंवा पाळीच्या आधी दर महिन्याला चिडचिड व्हायची, त्यांनी जास्त जपायला हवं. या अभ्यासात गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी आणि जपानी वंशाच्या बायका होत्या. भारतीय नव्हत्या.

भारतीय बायकांबद्दलचं सगळ्यात गाजलेलं निरीक्षण १९७५ मधलं आहे, तेही अमेरिकन संशोधक मार्शा फ्लिंट यांचं. राजस्थान आणि हिमाचलातल्या ४८३ राजपूत बायकांशी बोलल्यावर त्यांना आढळलं की पाळी थांबण्यापलीकडे फारशी कुणाची तक्रारच नाही. उलट पाळी गेल्यावर पडदा सुटतो, पुरुषांत बसून बोलता येतं, थट्टामस्करी करता येते. म्हणजे शिक्षा संपून बक्षीस मिळाल्यासारखं. आपल्याकडेही 'बाजूला बसणं' ज्या घरांत पाळलं जायचं, तिथल्या आज्या पाळी गेल्याचं समाधान बोलून दाखवतात. सणावारी अडचण नाही, वारीला जायचं तर तारखा मोजायला नकोत. जपानी बायकांचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट लॉक यांनाही वाफांपेक्षा खांदे आखडण्याच्या तक्रारी जास्त ऐकू आल्या होत्या.

यावरून 'हे सगळं पाश्चात्त्यांचं फॅड' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला यातून वेगळंच दिसतं. बदल सगळ्यांच्याच शरीरात होतो. तो सोसायला बाईच्या हाती काय उरतं आणि तो बोलायची तिला मुभा किती, हे घराघरांत वेगळं असतं. संशोधकानं विचारलं नाही, तर मनाची तक्रार आकड्यात येणारच नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या तेव्हा ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग निघाला. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून येईपर्यंत खेड्यातल्या बायकांना असं काही होत नाही, असंच धरून चाललं होतं.

पिशवीचा दोष काय?

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुट्टी नाही; एक दिवस खाडा झाला तर दंड. पहाटे चारला फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवायच्या, राहायला पाचटाची कोपी, न्हाणी-संडास नाही. पाळीतही हेच. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, रक्तस्राव वाढतो. गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात गेलं की 'पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल' हे ऐकायला मिळतं.

२०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. सहातली एक. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांवर लक्ष ठेवण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले.

या प्रकरणात शोषणावर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. त्यानंतर या बायकांच्या मनाचं काय झालं, याकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही.

वडवणी तालुक्यातल्या एका वस्तीवर अडतीस वर्षांची बाई भेटली. पिशवी एकतिसाव्या वर्षी काढलेली. "रगत थांबलं, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पर डोकं ठिकाणावर ऱ्हाईना माय. रातच्याला अंगाची आग व्हती, डोळ्याला डोळा लागत न्हाई. इनाकारण भांडण काढते. लेकराला मारते आन् मग मीच रडत बसते. सासू म्हनली बाहेरचं काही हाय. अंगारा आणला, समदं केलं." मग ती आत जाऊन रेशनकार्डाच्या पिशवीतून दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड घेऊन आली. चार घड्या घातलेलं, घडीवर फाटलेलं, सगळा मजकूर इंग्रजीत. त्यात गर्भाशयाबरोबर दोन्ही बाजूंची अंडाशयंही काढल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं. अंडाशय काय असतं ते समजावून सांगितलं. "ते कशाला काढलं?" तिनं विचारलं. सात वर्षं ते कार्ड तिच्याच घरात होतं.

गर्भाशय रक्तस्राव करतं, मन सांभाळत नाही. इस्ट्रोजेन अंडाशयात तयार होतं. एकतिसाव्या वर्षी दोन्ही अंडाशयं काढली की जे बाकीच्यांच्या शरीरात पाच-सात वर्षांत घडतं ते काही दिवसांत उरकतं. चढउताराची संधीही नाही, थेट अंधार. हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकार यांचा धोका वेगळाच. अंडाशयं ठेवून फक्त गर्भाशय काढलं तरी ती अपेक्षेपेक्षा लवकर थकतात, असं अभ्यास सांगतात. त्यातून पाळी हीच खूण नाहीशी झालेली असते, त्यामुळे ती वेळ आल्याचं ना बाईला कळतं, ना डॉक्टरला. अंगाची आग आणि रडणं एवढंच उरतं, आणि त्याला 'बाहेरचं' हे नाव मिळतं.

औषध आहे, पण कुणासाठी?

या बाईला ज्याची सगळ्यात जास्त गरज होती ते औषध म्हणजे इस्ट्रोजेन. इतक्या लवकर अंडाशयं गेलेल्या बाईला काही आडकाठी नसेल तर नैसर्गिक वयापर्यंत ते द्यावं, यावर आज तज्ज्ञांचं एकमत आहे. ती गोळी तिला कुणी लिहून दिली नाही. शहरातल्या ज्या बायका डॉक्टरांकडे याबद्दल विचारतात, त्यांतल्या बऱ्याच जणी भीतीनं घेत नाहीत.

ही भीती २००२ मधली. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीत १६,६०८ बायकांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी किंवा लुटुपुटीची गोळी दिली गेली होती. स्तनाचा कर्करोग वाढल्याचं दिसताच तो भाग त्या वर्षी जुलैत थांबवला. जगभर ठळक मथळे आले आणि लाखो बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. वाढ किती होती? वर्षाला दहा हजार बायकांमागे आठ. चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. गर्भाशय नसलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं त्या गटात तर स्तनाचा कर्करोग वाढलाच नाही. पुढच्या वीस वर्षांत चित्र उलगडत गेलं : साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर निरोगी बाईला फायदा बहुधा धोक्याहून जास्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांच्या वेष्टनावरचा सर्वांत कडक इशारा काढायचं जाहीर केलं.

मनासाठी त्याचा उपयोग किती? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १७२ निरोगी बायकांना वर्षभर इस्ट्रोजेनचा पॅच आणि मधूनमधून प्रोजेस्टेरॉन, किंवा नुसताच दिखाऊ पॅच दिला. खऱ्या औषधाच्या गटात १७ टक्के जणींना लक्षणीय नैराश्याची लक्षणं आली, दुसऱ्या गटात ३२ टक्के. तरीही ही सरसकट सगळ्यांना वाटायची गोळी नव्हे. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या, रक्तात गुठळ्या झालेल्या, यकृताचा आजार असलेल्या किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असलेल्या बाईनं ती घ्यायची नाही. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. निदान झालेल्या गंभीर नैराश्यावर पहिला उपाय नैराश्यविरोधी गोळ्या आणि समुपदेशन हाच. त्यातल्या काही गोळ्यांनी वाफाही कमी होतात. विचारांची सवय बदलणाऱ्या सीबीटी या पद्धतीचाही झोपेला आणि मनाला उपयोग होतो.

"माझ्याकडे बायका येतात त्या मुलांच्या तक्रारी घेऊन," पुण्यातल्या एक मानसोपचारतज्ज्ञ म्हणाल्या. "मुलगा उलटून बोलतो, मोबाइल सोडत नाही. अर्धा तास ऐकून घेतल्यावर मी विचारते, तुमची पाळी कशी आहे? त्या चमकतात. इथे याचा काय संबंध, असा चेहरा होतो." त्यांच्या मते उलटंही तितकंच खरं आहे : स्त्रीरोगतज्ज्ञांनी झोप आणि मूड विचारला, तर निम्मं काम तिथेच होईल. सगळंच संप्रेरकांवर ढकलण्याचा धोकाही त्या सांगतात. नवरा हात उचलत असेल, घरात दारू असेल, तर बाईचा राग हा आजार नव्हे. तिथे गोळी देऊन तिला गप्प करणं म्हणजे चुकीच्या माणसाला औषध देणं.

जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

एकाच कागदावरचे दोन रकाने

यासाठी नवी योजना काढायची गरज नाही. गावोगावच्या आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात, त्याला त्या 'सीबॅक' म्हणतात. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांची चाचपणी करण्यासाठीचा हा फॉर्म. त्यात बायकांसाठी वेगळे प्रश्न आहेत : दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव होतो का, पाळी गेल्यानंतर होतो का, अंगावरून दुर्गंधीयुक्त जातं का. त्याच फॉर्मवर पुढे आणखी दोन प्रश्न आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं झालं का, उदास किंवा हताश वाटलं का.

पाळी आणि मन असे एकाच कागदावर आलेले आहेत, पण वेगळ्या रकान्यांत. एका रकान्याचं उत्तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जातं, दुसरं उत्तर बहुतेक वेळा कुठेच जात नाही. चाळिशीतल्या बाईसाठी मधे एकच प्रश्न घातला तर पुरे : पाळी बदलली तेव्हापासून झोप आणि राग बदललाय का? आणि पिशवी काढलेल्या बाईला विचारायचं : अंडाशयं ठेवली की काढली, हे तुम्हाला कुणी सांगितलं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा दुसऱ्याचं 'नाही' आलं, तर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलवायचं आणि डिस्चार्ज कार्ड वाचून दाखवायचं. त्या पुढचा उपचार वैद्यकाला माहीत आहे. कोथरूडच्या बाईंना तो मिळायला हरकत नाही. वडवणीच्या बाईला तो मिळायचा असेल तर फडात खाड्याचा दंड आधी बंद करावा लागेल, कारण दवाखान्यात जायलाही एक दिवस लागतो.